शिवणयंत्रावरची चित्रे आणि ती काढणारे हात



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा किमान वेतन यांवर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते शिवणयंत्रावर भरलेल्या एका कुत्र्याच्या चित्राविषयी. विषय पाहून कोणी हसले असेल तर आमची तक्रार नाही. पहिल्यांदा आम्हीही हसलोच होतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई आमच्या कचेरीत आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक कापड तिने टेबलावर उलगडले. पांढऱ्या कापडावर तांबूस रंगाच्या कुत्र्याचे तोंड भरले होते. कान किंचित पडलेले, नाकाशी केस विरळ आणि आखूड, गालांशी दाट आणि लांब, डोळ्यांत पाणी असल्यासारखी चमक. हे सर्व हातसुईने भरलेले नव्हते, संगणकाच्या यंत्रावरही नव्हते. घरच्या साध्या पायमशीनवर, रिंग हाताने फिरवून तिने ते केले होते. बंगल्यातल्या एका कुटुंबाचा कुत्रा वारला होता. त्यांनी त्याचा फोटो दिला आणि तसाच काढून मागितला.

ती म्हणाली, "भाऊ, याचे किती घ्यावेत? मी सहाशे सांगितले, तर ते म्हणतात, एवढ्याशा कापडाचे सहाशे?"

आम्ही विचारले, "ताई, वेळ किती लागला?"

ती बोटांवर मोजू लागली. रात्रीची कामे आटोपल्यावर बसत होती. बावीस तास भरले. म्हणजे तासाला सत्तावीस रुपये, आणि त्यातच दोरा, सुया, दिव्याचा खर्च.

तिला काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही. ज्या कामाचा इतिहासच आपल्याला माहीत नाही, त्याचा दर आपण कसा सांगणार? म्हणून आमच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे आम्ही वाचनालयाची वाट धरली. आमचे शिक्षण शाळेपेक्षा तिथेच अधिक झाले आहे. तिथे जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे पाहू की, पाळलेल्या प्राण्याची आठवण जपण्याची हौस ही काही बंगलेवाल्यांची आजची टूम नव्हे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. त्याने शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव वाचविला, अशी कथा आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे की, महाराजांनी या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला होता, आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व दागिने चढवून आपली पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली होती. संगम माहुलीला खंड्याचे स्मारक आजही दाखवितात. ते दगडात आहे. ज्याच्या पदरी राज्य, त्याला दगड परवडतो.

दुसरे उदाहरण पुण्याचेच आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. वाघ, सिंह, गेंडा असे प्राणी तिथे राखलेले असत. पुढे १९५३ साली त्याच परिसरात पेशवे उद्यानातले प्राणिसंग्रहालय झाले आणि अलीकडच्या काळात ते कात्रजला गेले, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. या शिकारखान्यातल्या गेंड्याचे १७९० साली काढलेले एक चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. काढणाऱ्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. सर चार्ल्स मॅलेट हा त्या वेळी पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठी या गंगारामाने वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची रेखाटनेही केली. आडनावाकडे लक्ष द्या. कसब्यातली तांबट आळी आपण जाणतो. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालणाऱ्या कारागिरांची ती जात. त्या घराण्याचे नाव लावणाऱ्या माणसाच्या हातून हा गेंडा उतरला आहे. त्या चित्राखाली कारागिराचे नाव राहिले म्हणून आज आपण ते घेऊ शकतो. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. आम्ही पुन्हा त्याकडे येणार आहोत.

आता शिवणयंत्राकडे वळू. यंत्राने भरतकाम बुडविले, असे सर्रास बोलले जाते. वास्तविक शिवणयंत्राचा जन्मच भरतकामाच्या पोटी झालेला आहे. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामड्यावर आरीने टाके घालीत. तीच आरी बारीक करून ते रेशमी कापडावर साखळीटाक्याचे भरतकाम करू लागले, आणि त्याला मोचीभरत असे नाव पडले. ताणलेल्या कापडावर आकडीने साखळी घालण्याची ही रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली, असे जाणकार मानतात. फ्रान्समध्ये मलमलीवर असे काम करणाऱ्या बायकांची मोठी वस्ती ज्या भागात होती, त्याच भागात बार्तेलेमी तिमोनिए नावाचा एक गरीब शिंपी राहत होता. बायकांच्या हातातली आकडी पाहून त्याने लाकडी यंत्र रचले आणि १८३० साली त्याचा हक्क नोंदविला. त्या यंत्राचा टाका साखळीटाकाच होता.

तिमोनिएची पुढली हकीकत कामगारांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी त्याची सुमारे ऐंशी यंत्रे एका कारखान्यात मांडली गेली. १८३१ साली शहरातल्या शिंप्यांनी आत घुसून ती मोडून टाकली. पोट जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु त्यांनी मोडले ते एका शिंप्याचेच यंत्र. गणवेशाचा मक्ता ज्यांच्या हाती होता ते मक्तेदार त्या दिवशी आपापल्या घरी सुखरूप होते. तिमोनिए १८५७ साली दारिद्र्यात मेला. राग लोखंडावर काढावा की करारावर, हा प्रश्न चळवळीला तेव्हापासून पडलेला आहे.

पुढची प्रगती अमेरिकेत झाली. इलायस हाऊने १८४६ साली टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खालून धावणारा धोटा यांचा मेळ घालून दुहेरी दोऱ्याचा पक्का टाका सिद्ध केला. आयझॅक सिंगरने १८५१ साली सुई उभी केली, कापडावर दाब बसविला आणि यंत्र वापरायला सोयीचे केले. ॲलन विल्सनने १८५४ साली सुईखाली दाते बसविले. ते वर येतात, कापड धरून पुढे सरकवितात, खाली बसतात आणि मागे येतात. आज प्रत्येक शिलाई मशीनमध्ये असतात ते हेच दाते. त्यांनी टाका एकसारखा झाला, शिवण सरळ धावू लागली आणि शिवणाऱ्याला कापड सरकविण्याचा विचार करण्याचे कारण उरले नाही. कारखानदाराला हवे होते ते हेच.

परंतु मनुष्याचा हात असा स्वस्थ बसत नाही. यंत्र घरोघर गेल्यावर कोणातरी शिवणाऱ्यांच्या ध्यानात आले की, दाते झाकले आणि वरचा दाब काढला तर सुई नुसती जागच्या जागी वरखाली नाचते. कापड कोणत्या दिशेने जायचे ते आता हात ठरवितो. सुई म्हणजे एका जागी खिळलेला कुंचला, आणि चित्रकार तिच्याखाली कागद फिरवितो आहे, असा हा उलटा प्रकार झाला. सिंगर कंपनीने ही युक्ती उचलली. यंत्रावर भरलेली चित्रे ती प्रदर्शनांतून मांडू लागली, आणि १९११ साली तिने या कामाचे शिक्षण देणारे पुस्तकही काढले. इंग्लंडमध्ये त्याच कंपनीच्या भरतकाम खात्यात आयुष्य घालविलेल्या डोरोथी बेन्सन या बाईंनी १९४६ साली यंत्रभरतकामावर पुस्तक लिहिले. कंपनीचा हेतू यंत्रे खपविण्याचा होता, हे उघड आहे. तरीही तिने दाखविले ते खोटे नव्हते.

प्राण्यांची चित्रे भरण्याची आवड तर त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात चौकटी पाडलेले रंगीत नमुने छापू लागले. एक चौकट म्हणजे लोकरीचा एक टाका. लँडसीअर नावाच्या चित्रकाराने काढलेले व्हिक्टोरिया राणीचे कुत्रे आणि पोपट या नमुन्यांतून युरोपभर घरांच्या भिंतींवर गेले. आपल्याकडेही जुन्या घरांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत लोकरीचे हरीण, मण्यांचा पोपट किंवा गादीवर बसलेले मांजर आपण पाहिलेले आहे. खाली एका कोपऱ्यात लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावाचे एक अक्षर असे. पुष्कळदा तेवढेही नसे.

यंत्र हिंदुस्थानात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सिंगरचा येथील व्यापार मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढविला. हप्त्याने यंत्र देण्याची पद्धत कंपनीने अमेरिकेत १८५६ पासूनच सुरू केली होती. तीच इकडे आली. हप्त्यामुळे गरीब शिंप्याच्या दारात यंत्र आले, आणि हप्त्यामुळेच ते महिन्याच्या महिन्याला परक्याचेही राहिले. आमच्या लहानपणी घरी जे पायमशीन होते, त्याचे हप्ते संपले त्या दिवशी आईने चाकाला हळदकुंकू वाहिल्याचे आम्हांला आठवते.

पुण्यात या यंत्राला बाईच्या स्वावलंबनाचा अर्थ मिळाला, याचे श्रेय रमाबाई रानडे यांच्याकडे जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा पाडली. त्यांच्या मागे रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ साली पुणे सेवासदन उभे केले. तिथे लेखन-वाचनाबरोबर शिवणकामाचे वर्ग चालले. विधवा आणि परित्यक्ता यांना चार पैसे मिळवून देणारे, घराबाहेर न पडता करता येणारे काम, म्हणून शिवणाची निवड झाली. त्या काळात ते मोठेच पाऊल होते. परंतु 'घराबाहेर न पडता' या तीन शब्दांत पुढल्या पिढ्यांची अडचणही दडलेली होती. घरातले काम कोणी मोजत नाही.

महात्माजींचेही या यंत्राविषयीचे मत नमूद करावे लागेल. १९२४ च्या जानेवारीत आपल्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, हे पुणेकरांना ठाऊक आहे. त्याच वर्षी पुढे दिल्लीत रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना विचारले, आपण यंत्रमात्राच्या विरुद्ध आहात काय? त्यांनी नाही म्हटले, आणि अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी केले, अशी कथाही सांगितली. कथा गोड आहे. इतिहास तितका गोड नाही. सिंगरने हाऊच्या सुईचा उपयोग परवानगीवाचून केला, आणि १८५४ साली न्यायालयात हरून त्याला मोबदला भरावा लागला. तथापि महात्माजींची मूळ कसोटी आम्हांला मान्य आहे. यंत्र माणसाच्या हाताला निकामी करते की त्याला साहाय्य करते, हे पाहावे. दाते झाकून चालविलेले शिवणयंत्र या कसोटीस जितके उतरते, तितके दुसरे क्वचितच उतरेल. पुढे १९३५ साली कलकत्त्यास जय इंजिनिअरिंगचा कारखाना निघाला, आणि त्याचे 'उषा' यंत्र देशभर लग्नाच्या रुखवतात दिसू लागले.

आता हे काम होते कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण दर ठरविणाऱ्याने काम पाहिलेच पाहिजे. आम्ही त्या बाईच्या घरी जाऊन दोन रात्री पाहिले.

फोटोवरून पातळ कागदावर रेघा उतरतात. त्या रेघांवर सुईने भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने घासायची, म्हणजे कापडावर छाप उठतो. कापडाखाली बुकरम लावतात. नाहीतर दाट टाक्यांनी कापड आक्रसून कुत्र्याचे तोंड वाकडे होते. हातभरतकामात रिंगवर कापड वर असते; इथे रिंग उलटी लावतात, म्हणजे कापड यंत्राच्या पत्र्याला चिकटून सरकते. दाबाचा पाय काढून टाकला तरी त्याची दांडी खाली पाडावीच लागते. ती वर राहिली तर वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही आणि खाली जाळे होते. नवशिक्या हटकून तिथेच फसतात. वरचा ताण थोडा सैल ठेवायचा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही.

पुढे सगळी मदार पाय आणि हात यांच्या मेळावर. पाय मंद आणि हात चपळ झाला, तर टाका लांबतो आणि सुई वाकून मोडते. पाय वेगात आणि हात अडखळला, तर एकाच जागी गाठ बसते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने टाका जायला हवा. नाकापासून कपाळाकडे आखूड, गालावरून बाहेर लांब, कानाच्या कडेला खाली ओघळता. आधी गडद रंगाचा थर, त्यावर मधला, शेवटी फिका. तेही सलग नव्हे, तर एका रंगाचे टाके दुसऱ्यात घुसवीत. तांबूस कुत्र्यासाठी तिने सात रंगांची रिळे वापरली होती. त्यांत एक निळसर राखाडी होते. आम्ही कारण विचारले.

ती म्हणाली, "भाऊ, सावली काळी नसते. काळा घातला की भोक पडल्यासारखे दिसते."

हे तिला कोणत्या कलाशाळेने शिकविलेले नव्हते. डोळा तिने सर्वांत शेवटी केला आणि त्यातला पांढरा ठिपका म्हणजे चार टाके. ते चार टाके घालण्यापूर्वी तिने यंत्र थांबविले, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ नुसता फोटो पाहिला. त्या वेळी पाय हलत नव्हता, म्हणून ते काम नव्हे असे कोण म्हणेल?

इथे आम्हांला आमची एक जुनी चूक आपल्यासमोर कबूल केली पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी शहरातल्या एका शिवणखात्यात चाळीस बायका काम करीत होत्या. त्यांच्यासाठी नगावारी दरपत्रक ठरविण्याच्या वाटाघाटीत आम्ही होतो. काज, बटण, तुरपाई, पिको-फॉल, सगळ्यांचे दर आम्ही भांडून वाढवून घेतले आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. बाळांच्या कपड्यांवर हाताने रिंग फिरवून चिमण्या, ससे, मांजरे भरणाऱ्या चार-पाच जणी होत्या. त्यांचे काम आम्ही 'भरतकाम, प्रति नग' म्हणून तयार पट्टी शिवण्याच्याच दरात घातले. सभेत त्यांतली एक उठून म्हणाली, "भाऊ, पट्टीला दहा मिनिटे लागतात, सशाला पाऊण तास." आम्ही तिला उत्तर दिले की, हे हौसेचे काम आहे ताई, याचा दर कसा लावणार? ती खाली बसली. सभेने टाळ्या वाजवून करार मंजूर केला.

त्या चार-पाच जणींनी वर्षभरात ससे काढणे सोडले आणि त्या पट्टीवर बसल्या. पुढे संगणकावर चालणारी, अनेक सुयांची यंत्रे आली. तेव्हा मालक म्हणाला की, हाताने भरणारे माझ्याकडे कोणीच नाही, म्हणून यंत्र घेतले. त्याचे म्हणणे खोटे ठरविण्याची सोय आम्हीच ठेवली नव्हती. ती कला यंत्राने नंतर मारली. तिचे मोल आम्ही आधीच आमच्या सहीने शून्य केले होते. तिमोनिएचे यंत्र मोडणाऱ्या शिंप्यांना नावे ठेवताना आम्हांला आता अडखळायला होते.

संगणकाचे यंत्र वाईट, असे आमचे म्हणणे नाही. शंभर शर्टांवर एकच बोधचिन्ह काढायचे तर ते उत्तम. परंतु कुणाच्या घरचा विशिष्ट मोती, त्याचा एक कान जन्मापासून पडलेला, हे पाहून ठरवावे लागते, आणि पाहणारा माणूस लागतो. पतियाळ्याचे अरुण बजाज हे शिवणयंत्रावर माणसांची आणि देवांची मोठी चित्रे भरतात आणि त्यांचे नाव आज देशभर झाले आहे. म्हणजे या कामाला मान मिळू शकतो. प्रश्न आहे तो वस्त्यांतल्या घराघरांत बसून तेच काम करणाऱ्या बायकांचा.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरकामगाराला इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे, हे त्याचे सार. आपल्या देशाने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. असंघटितांचे संघटन होत नाही, ही सबब निदान पुण्याने सांगू नये. याच शहरात १९५६ साली हमाल पंचायत झाली आणि १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली. ज्यांच्या ओझ्याला आणि कचऱ्याला कोणी काम मानत नव्हते, त्यांनी ते मोजून दाखविले.

त्या बाईंना शेवटी आम्ही काय सांगितले, ते सांगून संपवितो. दर आम्ही सांगितला नाही. एक वही दिली. बसलीस केव्हा, उठलीस केव्हा, रिळे किती, सुया किती मोडल्या, ते रोज लिही, असे सांगितले. आणि कापडाच्या मागल्या बाजूला आपले पूर्ण नाव त्याच यंत्राने भर, असेही सांगितले. गंगाराम तांबटाचे नाव गेंड्याबरोबर राहिले. तुझेही राहू दे.

ती हसली. म्हणाली, "नाव भरायला काय, दोन मिनिटे. पण भाऊ, ती दोन मिनिटेपण वहीत लिहायची ना?"

लिहायची, असे आम्ही उत्तर दिले. आता तिच्या वस्तीतल्या नऊ जणी अशा वह्या लिहीत आहेत. पुढल्या महिन्यात त्या वह्या एकत्र मांडून आम्ही दरपत्रक करायला बसणार आहोत, आणि या वेळी लेखणी त्यांच्या हाती असेल. आपणांपैकी कोणी अशा हातांकडून आपल्या मोत्याचे किंवा मनीचे चित्र करवून घेणार असेल, तर दर विचारण्यापूर्वी ती वही पाहायला मागा, एवढीच आमची विनंती आहे.